‘आजी कधी उठणार?’ आणि आणखी तीन पत्रं

या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत. प्रश्न वेगवेगळे आहेत, पण चारही घरांत एकच घाई दिसते: मुलाचं रडणं, रुसणं, घाबरणं लवकरात लवकर बंद व्हावं. माझी सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या बालवाड्यांत झाली आणि त्या अनुभवावरून माझं मत झालंय की ही घाईच बहुतेक वेळा प्रकरण लांबवते. जागेअभावी पत्रं संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. संध्याकाळी साडेसहाला मी त्याला पाळणाघरातून घेते. तिथल्या ताई म्हणतात, दिवसभर अगदी शहाण्यासारखा असतो. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाऊल टाकलं की तमाशा सुरू. परवा लिफ्टचं बटण मी दाबलं म्हणून फरशीवर लोळण घेतली, मला लाथा मारल्या. येणारे-जाणारे बघत उभे राहतात. सासूबाई म्हणतात, लाडावून ठेवलाय. शेवटी मी हातात मोबाइल देते आणि वर घेऊन येते. माझं काय चुकतंय? – एक आई, चिंचवड

उत्तर : पाळणाघरातल्या ताई काय म्हणाल्या ते पुन्हा वाचा. दिवसभर शहाण्यासारखा असतो. चार वर्षांच्या मुलाला दिवसभर शहाण्यासारखं राहायला किती ताकद लागत असेल! हातातली गाडी दुसऱ्याला द्यायची, झोप आली नसली तरी गादीवर पडून राहायचं, आईची आठवण आली तरी रडू गिळायचं. हे सगळं त्यानं तुम्ही दिसेपर्यंत धरून ठेवलेलं असतं. तुम्ही दिसलात की ते सुटतं. लिफ्टचं बटण हे निमित्त. परक्या माणसासमोर मूल असं मोकळं सुटत नाही, तुमच्यासमोर सुटतं कारण तुम्ही हक्काच्या आहात. हे वाचून तुमचा थकवा जाणार नाही, पण ‘हा मला मुद्दाम छळतो’ हे मनातून गेलं तरी पुष्कळ झालं.

आता पोटाचं बघू. १९३१ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात फ्लॉरेन्स गुडइनफ या बाईंनी ४५ लहान मुलांच्या घरी रागाच्या प्रसंगांच्या नोंदी ठेवायला लावल्या. अठराशेहून जास्त प्रसंग जमले. जेवणाच्या आधी, झोपेच्या आधी, आजारपणात, घरात पाहुणे असताना मुलं जास्त भडकत होती. आपल्याकडे बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली, तेव्हा त्यांनीही अक्षरांच्या आधी मुलांचं अंग, केस, नखं बघितली. लहान मुलाच्या मनाकडे जायची वाट त्याच्या शरीरावरून जाते, हे माझं पक्कं मत आहे. साडेसहाला तुमचा मुलगा भुकेला आणि दमलेला असतो. पर्समध्ये राजगिऱ्याचा लाडू नाहीतर केळं ठेवा आणि पाळणाघराच्या पायरीवरच त्याच्या हातात द्या, घरी पोचेपर्यंत थांबू नका. ‘आज काय केलंस, डबा संपवलास का’ ही चौकशी त्या वेळी नको. गाडीवर त्याला गप्प बसू दे. आणि बटण त्यालाच दाबू दे.

तरीही एखाद्या दिवशी भडका उडेल. मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी २००३ मध्ये दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या अशा प्रसंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्मे प्रसंग तीन मिनिटांच्या आत संपलेले दिसले. राग भराभर चढतो आणि उतरतो. दुःख मात्र सगळा वेळ असतं, आणि राग ओसरला की मूल जवळ यायला बघतं. म्हणून पहिल्या मिनिटात समजावून सांगणं वाया जातं. त्याच्या कानात तेव्हा काही शिरत नाही. तुम्ही खाली उकिडव्या बसा, म्हणजे तुमचा चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर येईल. एवढंच म्हणा, ‘तुला बटण दाबायचं होतं. मी दाबलं. राग आला.’ लाथ मारायला लागला तर पाय धरा आणि सांगा, ‘लाथ मारू देणार नाही.’ आवाज न चढवता, पण ठामपणे. राग येऊ द्यायचा, मारू द्यायचं नाही. रडण्यात हुंदके आले, अंग सैल पडलं की जवळ घ्या. कारणमीमांसा रात्री अंथरुणात, तीही दोन वाक्यांत.

भावनेला नाव दिल्यानं फरक पडतो, हे नुसतं माझं म्हणणं नाही. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन यांच्या गटानं २००७ मध्ये दाखवलं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतल्या भीती-धोक्याशी संबंधित भागाची खळबळ कमी होते. तो प्रयोग मोठ्या माणसांवरचा होता. मुलांच्या बाबतीत मी माझ्या वर्गाबद्दल बोलू शकते: ज्या मुलाला ‘मला राग आलाय’ म्हणता यायला लागतं, त्याचे दात आणि नखं हळूहळू कमी वापरली जातात. हे शब्द ते आपल्या तोंडून शिकतं. दूध उतू गेलं, गॅस बरबटला, तर मोठ्यानं म्हणा, ‘मी वैतागलेय, आता दोन मिनिटं बसते आणि मग पुसते.’

मोबाइलबद्दल स्पष्टच सांगते. तो काम करतो, म्हणूनच त्याची सवय लागते. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा काही महिने मागोवा घेतला. मुलाला शांत करायला वरचेवर मोबाइल देण्याचा आणि पुढे त्या मुलांची चिडचिड वाढण्याचा संबंध त्यांना दिसला, मुलग्यांमध्ये जास्त. रडताना मूल हळूहळू स्वतःला सावरायला शिकत असतं. स्क्रीन समोर आली की ती शिकवणी तिथेच थांबते. ‘उशीवर बुक्क्या मार म्हणजे राग जाईल’ असंही कोणी सुचवेल. ते मी सुचवत नाही. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, ज्याच्यावर राग आहे त्याचा विचार करत गुद्दे मारणारे लोक शांत बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना संध्याकाळचं काम द्या. नातू आला की पहिली दहा मिनिटं त्यांच्या मांडीवर, गोष्ट नाही तर नुसती पाठ खाजवून देणं. पार्किंगमधल्या बघ्यांकडे पाठ करून बसा, म्हणजे मुलालाही आडोसा मिळेल.

प्रश्न : मुलगी चौथीत आहे. दिवाळीनंतर रोज सकाळी तिच्या पोटात दुखतं. रविवारी दुखत नाही. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफीही केली, काही निघालं नाही. पत्नी म्हणते नाटक करते. मी काय समजू? – एक वडील, नांदेड

उत्तर : दुखतंय, असं समजा. पोट आणि मेंदू मज्जातंतूंनी जोडलेले आहेत. भीतीनं पोटाचे स्नायू खरोखर आवळतात, आपल्यालाही परीक्षेआधी संडासला धावावं लागायचंच की. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ‘मला काळजी वाटते’ हे उमगण्याआधी पोटात गोळा येतो.

‘का दुखतं?’ असं विचारू नका, तिला ते सांगता येत नसणार. कागदाची एक लांब पट्टी घ्या आणि तिच्यासोबत शाळेचा दिवस क्रमानं काढा. रिक्षा, फाटक, प्रार्थना, प्रत्येक तास, मधली सुट्टी, स्वच्छतागृह, पीटी, परतीची रिक्षा. मग पेन तिच्या हातात द्या आणि म्हणा, पोटात गोळा येतो तिथे टिंब दे. आणि तुम्ही गप्प राहा. माझ्याकडे आलेल्या एका मुलीनं गणित सोडलं, परीक्षा सोडली आणि मधल्या सुट्टीवर मोठं टिंब दिलं. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती, म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नव्हती आणि लघवी धरून बसत होती. घरच्यांनी मुख्याध्यापकांना भेटून कडी बसवून घेतली. अशा मुलीला समुपदेशनाआधी कडीच हवी असते.

टिंब एखाद्या तासावर आलं तर शिक्षकांशी बोला. मारणं आणि मानसिक त्रास देणं या दोन्हींना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे, हे त्यांनाही ठाऊक असतं. टिंब रिक्षावर, जिन्यावर किंवा एखाद्या माणसावर आलं तर त्या दिवसापासून तिला एकटीला त्या वाटेनं पाठवू नका. तिच्यावर प्रश्नांचा मारा न करता ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझं काही चुकलेलं नाही’ एवढं आधी म्हणा आणि १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करा.

टिंब कुठेच नीट आलं नाही आणि नुसती दडपणाची भीती वाटली, तर मात्र तिला घरी ठेवायची सवय लावू नका. घरी राहिलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी शाळा आणखी अवघड होते. वर्गशिक्षकांना सांगून पहिला तासभर तिला सोपं, हातानं करायचं काम मिळेल असं बघा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, उलट्या किंवा वजन घटणं यांपैकी काही असेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : माझं वय ७१. दोन महिन्यांपूर्वी माझी पत्नी आजारानं वारली. नातू सहा वर्षांचा आहे, तो तिच्याच कुशीत झोपायचा. त्या दिवशी त्याला शेजारी नेऊन ठेवलं होतं. घरात त्याला सांगितलं की आजी झोपली आहे आणि देवबाप्पाकडे गेली आहे. आता तो मला विचारतो, ‘आजी कधी उठणार?’ रात्री झोपायला घाबरतो, आईला हलवून जागी करतो. मला भरून आलं की सूनबाई त्याला आतल्या खोलीत नेतात. तो रडला तर मुलगा दटावतो, ‘पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय?’ मला हे बघवत नाही. – एक आजोबा, सांगली जिल्हा

उत्तर : आजोबा, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. नातवाबद्दल लिहिताना तुम्ही स्वतःबद्दल एकच ओळ लिहिली आहे. तीही आपण दोघं बघूच.

नातू अगदी बरोबर विचारतोय. आजी झोपली असेल तर ती उठली पाहिजे. उठली नाही, म्हणजे झोपणं धोक्याचं. मग आई झोपली की तिला हलवून बघणं हा त्याच्या परीनं केलेला पहारा आहे. हंगेरीतल्या मारिया नॉज यांनी बुडापेस्टमधल्या तीन ते दहा वर्षांच्या ३७८ मुलांशी मृत्यूबद्दल बोलून १९४८ मध्ये लिहिलं होतं की पाचच्या आतल्या मुलांना मृत्यू झोपेसारखा किंवा गावाला जाण्यासारखा वाटतो, ज्यातून परत येता येतं. नंतरच्या अभ्यासांत असं दिसलं की बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगू लागतं की मेलेला माणूस परत येत नाही. तुमचा नातू बरोबर त्या उंबरठ्यावर आहे. त्याला मोठ्यांचे खरे शब्द हवेत.

दुपारी, उजेडात, तो खाऊन-पिऊन निवांत असताना त्याला मांडीवर घ्या. म्हणा, ‘आम्ही तुला सांगितलं की आजी झोपली. ते बरोबर नव्हतं. आजी वारली. तिला मोठा आजार होता, डॉक्टरांनी औषधं दिली, तरी तिचं शरीर चालायचं थांबलं. ती आता श्वास घेत नाही, तिला दुखत नाही, भूक लागत नाही. ती परत येणार नाही. झोपलेला माणूस सकाळी उठतो. तू उठतोस, आई उठते, मी उठतो.’ आजाराच्या आधी ‘मोठा’ हा शब्द लावा, नाहीतर पुढच्या सर्दीत त्याला धडकी भरेल. देवबाप्पाबद्दल तुमच्या घरची जी श्रद्धा असेल ती सांगा, पण हे सगळं सांगून झाल्यावर. आधी सांगितली तर देवानं आजीला नेलं, तसाच आईलाही नेईल, असा अर्थ मूल लावतं.

तो विचारेल, ‘तू पण मरणार?’ ‘छे छे’ म्हणून उडवून लावू नका. ‘सगळेच कधीतरी मरतात. मला अजून पुष्कळ जगायचंय. आणि तुला सांभाळायला आई-बाबा आहेत’ असं म्हणा. मूल हा प्रश्न विचारतं तेव्हा त्याला मुख्यतः हे हवं असतं की मला जेवायला कोण घालणार, शाळेत कोण सोडणार.

आणखी एक गोष्ट तो विचारणार नाही, म्हणून तुम्हीच काढा. या वयाच्या मुलाला वाटतं की आपल्या मनात आलं म्हणून घडलं. त्यानं कधी चिडून ‘आजी, तू जा’ म्हटलं असेल, औषधाच्या वेळी दंगा केला असेल. ‘तुझ्या कुठल्याही वागण्यामुळे आजी वारली नाही’ हे वाक्य तो विचारो न विचारो, सांगून टाका.

तो रडेल आणि थोड्याच वेळात चेंडू घेऊन अंगणात पळेल. त्याला दुःख नाही असं समजू नका. मुलं दुःख थोडं थोडं करून झेपवतात. तोच प्रश्न परवा पुन्हा विचारेल. तेच उत्तर त्याच शब्दांत द्या.

त्याला दिवसकार्यापासून दूर ठेवलं ते प्रेमापोटीच. पण आता त्याला काहीतरी करायला द्या. फोटोला रोज एक फूल, ते त्यानं स्वतः तोडलेलं. पत्नीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी असेल तर ती त्याच्या अंथरुणात द्या. नसेल तर शिवून घ्या. वास राहिला असेल तर धुवू नका. वर्षश्राद्धाला पानावर काय वाढायचं, आजीला काय आवडायचं, हे त्याला विचारा. मुलांना ते बारीकसारीक आठवत असतं.

आता तुमच्या त्या ओळीकडे. तुम्हाला भरून येतं तेव्हा मुलाला आत नेऊ नका, असं मी सूनबाईंना तुमच्यामार्फत सांगते. त्यानं बंद दार बघितलं की त्याला एवढंच कळतं की आजीची आठवण ही लपवायची गोष्ट आहे. त्याच्यासमोर डोळे पुसा आणि सांगा, ‘आजीची आठवण आली म्हणून रडू आलं. थोड्या वेळानं बरं वाटेल.’ मग त्याच्यासोबत चहा-बिस्किट खा. मोठ्या माणसाला रडू येतं, ते संपतं आणि तो पुन्हा नेहमीसारखा होतो, हे सहा वर्षांच्या मुलानं डोळ्यांनी बघायची गोष्ट आहे.

आणि तुमचा मुलगा. तुम्ही लिहिलंत की तो नातवाला दटावतो. आजोबा, त्याचीही आई गेलीय. डॉक्टर, गाडी, लाकडं, पाहुणे, तेराव्याचा हिशोब हे सगळं बहुधा त्यानंच निस्तरलं असेल. आपला पोरगा रडायला लागला की त्याच्या स्वतःच्या छातीत काय होत असेल! त्याला उपदेश करू नका. रात्री जेवणं झाली की ओट्यावर त्याच्याजवळ बसा आणि त्याच्या आईबद्दल बोला. तिनं त्याला कॉलेजला जाताना काय बांधून दिलं होतं, कशावरून रागवायची. तुम्ही रडलात तर रडा. तो उठून गेला तर जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. त्याचा स्वतःचा बांध फुटला की पोराला दटावणं तो आपोआप सोडेल, असं मला वाटतं.

आणखी दोन-तीन महिन्यांनीही नातू नीट जेवत-खेळत नसेल, शाळेला जायला तयार नसेल किंवा ‘मला आजीकडे जायचंय, मरायचंय’ असं म्हणायला लागला, तर वाट बघू नका. हे शेवटचं वाक्य तर आज ऐकलं तरी आजच हालचाल करा. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा मदत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तो क्रमांक तुमच्या स्वतःसाठीही आहे.

प्रश्न : मी पाचवीत आहे. माझा भाऊ तीन वर्षांचा आहे. तो माझ्या वह्यांवर रेघोट्या मारतो. त्यानं माझा महाराष्ट्राचा नकाशा फाडला. मी त्याला चापट मारली. आई म्हणाली, तू मोठी आहेस, समजून घे. मला खूप राग येतो आणि मग मी वाईट आहे असं वाटतं. – लातूर

उत्तर : बाळा, तू वाईट नाहीस. मन लावून काढलेला नकाशा फाटला तर कुणालाही राग येईल. मला पण आला असता. राग येणं हा गुन्हा नाही. चापट मारणं चुकलं, पण ते तुला कळलंय, म्हणूनच तू लिहिलंस.

राग यायला लागला की आधी शरीरात कुठे कळतं ते शोध. कुणाचे कान तापतात, कुणाच्या मुठी वळतात. तुझं काय होतं ते तुलाच माहीत. ते झालं की हात पाठीमागे घे, खोलीतून बाहेर ये आणि गरम आमटीवर घालतो तशी लांब फुंकर घाल, पाच-सहा वेळा. श्वास सावकाश बाहेर सोडला की धडधडणारं काळीज मंदावतं. मग आईकडे जा आणि ‘त्याला रागव’ म्हणण्याऐवजी ‘माझा नकाशा फाटला, मला वाईट वाटतंय’ असं सांग.

इथून पुढचं आईला वाचायला दे.

ताई, ती मोठी आहे, पण दहा वर्षांचीच आहे. तीन वर्षांचं पोर वही आणि कागद यातला फरक जाणत नाही, त्यामुळे त्याला रागावूनही भागणार नाही. घरातली एक वरची फळी, जिथे त्याचा हात पोचत नाही, ती आजच तिच्या नावावर करा आणि त्याला रद्दी आणि खडू द्या. नकाशा चिकटपट्टीनं जोडायला तिच्याशेजारी बसा, तो झोपलेला असताना. आणि ‘समजून घे’ म्हणण्याआधी एकदा ‘किती छान काढला होतास गं’ म्हणा.